सरत्याची तूर

माघातल्या त्या सकाळी जयवंताआत्याची तूर बडवून झाली, तेव्हा ऊन बाभळीच्या शेंड्यावरून पुरतं खाली उतरलंही नव्हतं. एरवी या कामाला दोन दिवस लागत. दोघी समोरासमोर बसून काठ्यांनी बडवत, तिसरी सुपानं उपणी, आणि दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात खळ्यावर दोन पोती भरतील एवढी लाल दाण्यांची रास उभी राही. या वर्षी रास अशी नव्हतीच. शेणानं सारवलेल्या खळ्याच्या मधोमध दाणे नुसते पसरले होते, आणि कुटाराचाच, म्हणजे भुशाचाच, ढीग मोठा होता.

कौशल्यानं सूप खाली ठेवलं.

"उभी काहून राहिली?" जयवंताआत्या म्हणाली. "बस जराशी. पोट्टी निजली हाय तवर टेकून घे."

दहा महिन्यांची शैला बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपली होती. झोळीची दोरी जुनी झाली होती, पीळ उसवून तिचे केस निघाले होते. ती आज बदलायची, उद्या बदलायची असं कौशल्या पंधरा दिवस म्हणत होती. घरातली थोरली सून ती, आणि एकुलती. दिवसभरात तिला स्वतःचं असं जे काही मिळे, ते या झोळीच्या दोन झोक्यांमध्ये.

आत्या दाणे हातानं सारून एका जागी करत होती. तिनं दोन-तीन चिमटीत धरून पाहिले. बारके होते, सुरकुतलेले.

"होते असं एखाद्या साली," ती म्हणाली.

कौशल्यानं दोन दाणे उचलले. असं एखाद्या साली होत नाही, हे तिला माहीत होतं. हे कशानं झालं, तेही तिला माहीत होतं. घरात ते तिला एकटीलाच.

जयवंता ही खुशालरावांची, म्हणजे कौशल्याच्या सासऱ्यांची धाकटी बहीण. सतराव्या वर्षी कपाळ पांढरं करून ती चांदूरजवळच्या या गावी भावाच्या घरी परत आली, त्याला तेवीस वर्षं झाली. आणि या घराचा एक रिवाज होता, तो कुणी घातला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्वारीच्या वावरात दर आठ तासांमागे, म्हणजे पेरणीच्या ओळींमागे, एक तास तुरीचा. बैल तिफण ओढत, तिफणीतून ज्वारी पडे. आणि तिफणीला मागून दोरीनं बांधलेली बांबूची एक पोकळ नळी जमिनीत रेघ ओढत येई. तो सरता. सरत्यामागून एक बाई त्या दोरीचं मोकळं टोक धरून चालते आणि पावलागणिक दोन दोन दाणे नळीत सोडत जाते. जी सरता धरील, त्या वर्षाची तूर तिची. ज्वारी घराची, तूर सरत्याची.

तेवीस मिरगं सरता जयवंताच्या हातात होता. आजही तो खळ्याच्या कडेला आणून ठेवलेला होता. त्या तुरीवर तिची लुगडी आली, कौंडण्यपूरच्या जत्रेची गाडी झाली, उद्धव आणि सूर्यभान या दोन्ही पुतण्यांच्या हातावर लहानपणी गूळ-फुटाणे पडले. भावाच्या छपराखाली राहूनही भावजयीपुढे तिनं कधी पदर पसरला नाही. अचलपूरहून तिच्या नवऱ्याचा पुतण्या वर्षातून एकदा निरोप पाठवी: काकू, इकडे या, आईला अंथरुणावरून उठवत नाही, घर सांभाळायला माणूस पाहिजे. दर वेळी ती हसून म्हणे, "माही तूर कोन पेरीन?"

आता तोच प्रश्न होता. तूर पेरायची की नाही.

सूर्यभान, कौशल्याचा धाकटा दीर, दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या शेतकी कॉलेजातून शिकून आला. वडलांना तो म्हणाला, चिंचेचं वावर मला द्या. आठ एकरांपैकी चार एकर त्यानं गेल्या चैत्रात लोखंडी नांगरानं खोल नांगरले, त्यात नुसती ज्वारी पेरली, आणि रेल्वेनं चांदूरला उतरवलेलं पांढरं खत दिलं. उरलेले चार एकर जसे बापजाद्यांनी केले तसे: वरवर वखरलेले, ज्वारीत तुरीचे तास, बाहेरच्या खताचा कण नाही. खुशालराव तेव्हा म्हणाले होते, "वावर सांगीन ते. तुरीनं आपली जागा राखली तं सरता चालन. नाही तं पुढल्या मिरगापासून टांगून ठेवू."

पुरुष माणसं खळ्यावर आली ती न्याहारी करून. पुढे खुशालराव, मागे कौशल्याचा नवरा उद्धव, त्याच्यामागे काखेत वही घेतलेला सूर्यभान. सासूबाई, मैनाबाई, ताकाची चरवी घेऊन शेवटी आल्या आणि कुणी बस म्हणायच्या आधी धुऱ्याच्या, म्हणजे बांधावरच्या, दगडावर बसल्या.

"भर रे," खुशालराव म्हणाले.

सूर्यभाननं दाणे पोत्यात भरले. पोतं अर्ध्यावर येऊन थांबलं. त्यानं ते दोनदा आपटलं, तसं आणखी खाली बसलं.

"अर्धं," उद्धव म्हणाला. "अबे, माह्या बैलायच्या ढेपीचं पोतंही याच्यावून भरलेलं असते."

कुणी हसलं नाही. मग उद्धवही खाली पाहू लागला. आत्याच्या बाजूनं घरात बोलणारा तोच एक होता. लोखंडी नांगर वावरात उतरला त्या दिवशी तो दिवसभर जेवला नव्हता. म्हणे, जमिनीचं पोट फाडलं. पण नांगरलेल्या भागातला कुंदा मुळासकट मेला, पाच वर्षं निंदून न गेलेला कुंदा, हे त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्याचा आवाज थोडा उतरला होता.

सूर्यभाननं वही उघडली. "आत्या, राग नको धरू."

"तुह्यावर कायचा राग, बाप्पा. वाच."

"नांगरलेल्या भागात ज्वारी चांगली झाली. पण अश्विनात वारा सुटला तं चौथाई आडवी पडली, तेही लिहिलं हाय मी. लपवलं नाही." तो वडलांकडे वळला. "जुन्या भागातली ज्वारी मात्र मले समजून नाही राहिली. खत नाही, नांगर नाही, अन् तुरीच्या दोन्ही आंगचे तास माह्या डोक्याच्या वर. पान कसं काळंभोर. मधातले तास साधारन, अन् तुरीजवळचे असे. अन् त्याच्या सावलीत तूर पाहा तं काडी."

"मंग? काय समजायचं?"

"एकच समजते. तूर मरतुकडी निघाली, म्हणून ज्वारीले मोकळं भेटलं. म्हणजे आजवर तूरच ज्वारीचं खाऊन राहिली होती."

कौशल्याच्या हातात ते दोन दाणे अजून होते. ते तिनं मुठीत घट्ट दाबले.

"अजून एक," सूर्यभान म्हणाला. तो कठोर नव्हता. उलट परीक्षेच्या पेपरातलं न सुटलेलं गणित दाखवावं तसा जरा खजील होऊन बोलत होता. "तुरीच्या मुळ्यायले गाठी असतात, आबा, मोहरीएवढ्या. हवेतलं खत त्या गाठीत बसते, अन् जमिनीले भेटते. म्हणून जुन्या लोकायनं ज्वारीसंग तूर लावली, असं आमाले शिकवलं. मी भादव्यात आत्याच्या तासातली पाच झाडं उपटून पायली. पाचायच्या मुळ्या साफ. गाठ नाही."

"काहून?" मैनाबाईंनी विचारलं.

"खत दिलेलं असलं तं गाठी धरत नाहीत, माय. तुरीले आयतं भेटलं का ते कायले मेहनत करते. पण अथी तं खताचा कण नव्हता. म्हणजे आपल्या मातीत ते गाठीचं खरं नसावं."

कौशल्या झोळीजवळ सरकली. तिनं बाभळीच्या खोडाला हात लावला.

श्रावणातल्या चार दुपारी. खताच्या पोत्यांची खोली स्वयंपाकघराला लागूनच, जात्याच्या पलीकडे. एका रात्री जेवताना सूर्यभान म्हणाला होता, मूठभर टाकलं तर पीक हसतं. आणि ती विचार करत राहिली. चैत्रात शैला झाली तेव्हा तिला ताप चढला होता. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले, नवरा ओसरीवर बसून राहिला, आणि जयवंताआत्यानं चाळीस दिवस तिच्या उशापायथ्याशी काढले. पोरीला मांडीवर घेऊन, बोळ्यानं दूध पाजून तिनं ती जगवली. त्या आत्याची तूर हसली तर काय बिघडणार होतं? भाकरी घेऊन वावरात जाताना कौशल्यानं लेकीच्या दुपट्याखाली पांढऱ्या खताची पुरचुंडी ठेवली. सूर्यभान दिवसभर वरच्या भागात असे. ती खालच्या भागात तुरीच्या तासानं चालत जाई, आणि झाडाच्या बुडाशी दोन दोन मुठी टाकून वर माती ओढी. चार दिवसांनी शैलाच्या पाठीवर लाल चट्टे उठले. सासूबाईंनी दृष्ट काढली. कौशल्यानं खोबरेल लावलं, आणि कोपऱ्यात तोंड करून रडली.

पंधरा दिवसांत तुरीजवळची ज्वारी उसळली. तूर तिच्याखाली गेली. तिनं जे तुरीला भरवलं, ते शेजारच्या ज्वारीनं खाल्लं. आणि त्यातून जे थोडं तुरीच्या मुळाशी उरलं, त्यानं तिच्या गाठी बसू दिल्या नाहीत. आपल्या खतानंच हे केलं, एवढं तिला ठाऊक होतं; कसं, ते आज, या घडीला, दिराच्या तोंडून कळत होतं. त्याच्या वहीत सगळं खरं लिहिलेलं होतं आणि सगळ्याचा अर्थ उलटा होता.

"म्हणजे आठवा तास आपन इतके वर्षं वाया घालवला म्हना," उद्धव हळूच म्हणाला.

जयवंतानं त्याच्याकडे पाहिलं. तो लगेच बैलांकडे बघायला लागला.

मैनाबाईंनी चरवी खाली ठेवली. "ज्वारी दोन पोते जास्त झाली तं झाली. पण सरता टांगला तं मंग या घरात बाईच्या नावचं काय राहीन? जयवंताबाईनंतर तो हिच्या हातात येईन," त्यांनी कौशल्याकडे हनुवटी केली, "मंग हिच्या सुनेच्या. ते सारंच बुडते."

खुशालरावांना नवल वाटलं. "तुले कवापासून कळवळा आला? तेवीस वर्षं तं तिच्या तुरीवर डोळा होता तुहा."

"डोळा होता म्हनूनच सांगते. डोळा ठेवाव असं काही तं होतं."

खुशालरावांनी मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसलं. त्यांचं बहिणीवर प्रेम नव्हतं असं नाही. पण शब्द त्यांचाच होता, आणि तो त्यांनी मुलांसमोर दिला होता.

"वावर सांगीन ते, असं ठरलं होतं," ते म्हणाले. "वावरानं सांगतलं. जयवंता, तुले अथी दोन टाइम जेवाले भेटन, लुगडं भेटन. कमी नाही पडनार. सरता..."

"मामाजी."

सासऱ्यांसमोर कौशल्या कधी बोलली नव्हती. सगळ्यांनी वळून पाहिलं. डोक्यावरचा पदर तिनं पुढे ओढला, आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "तुरीले खत म्या टाकलं. श्रावनात. पांढरं खत."

सूर्यभानची मान वर झाली.

"वयनी? कोनतं?"

"तुमचं. पोत्यातलं. पोत्यात घट आली होती, तुमी म्हटलं ओल लागली. ओल नव्हती ते. चार दुपार नेलं. तूर चांगली व्हावं म्हणून टाकलं, भाऊजी. मले का मालूम, ज्वारीच खाऊन टाकीन."

सूर्यभाननं वहीची पानं मागे उलटली. श्रावणाच्या पानावर त्याचं बोट थांबलं. ओल लागून घट, असं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा राग आला, आणि तो पुरता यायच्या आत दुसरंच काही आलं.

"म्हणून गाठी नव्हत्या," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हणून ते दोनच तास." मग वडलांना, जरा घाईनं: "आबा, ही चाचणी मंग धरता नाही येत. तुरीची काही चूक नाही. पुढल्या साली पुन्हा..."

"थांब." खुशालराव उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "शेतकीचं मंग पाहू. हे मले पहिले समजू दे. पोरगा परगावाहून खत आनते, घरात ठेवते, अन् घरची सून ते ओटीत भरून नेते. सहा महिने कोनाले पत्ता नाही. हे विसाची पोरगी एकटीच्या डोक्यानं करन?"

कौशल्या म्हणाली, "एकटीनंच केलं, मामाजी."

"उद्धव, तुले माहीत होतं?"

उद्धवचं तोंड काळवंडलं होतं. धाकट्या भावासमोर, आईसमोर, बायकोनं त्याला असं उभं केलं होतं. "मले काहीच माहीत नाही," तो म्हणाला. "अन् ज्या घरात माह्याच बायकोचा भरोसा नाही, तथी मी काय बोलू. काही दिवस जाऊ द्या तिले अकोल्याले, बापाच्या घरी. पोरगी राहीन अथीच, माह्या मायजवळ. दूध तं आता वरचंही चालते."

मैनाबाई म्हणाल्या, "डोकं फिरलं का रे तुह्यं?" पण खुशालराव नको म्हणाले नाहीत. ते विचार करत होते. कौशल्याच्या माहेरी, अकोल्याच्या शेजारघरात अशी एक 'काही दिवसांसाठी' आलेली बाई होती. कौशल्या परकर नेसायची तेव्हापासून ती तिथंच होती.

तिच्या छातीत दूध दाटून आलं. आपोआप, भीतीनं. चोळी ओली झाली तसा तिनं पदर आवळून धरला.

"भाऊ," जयवंता म्हणाली. ती अजून खाली बसलेली होती, सांडलेले दाणे वेचत. "त्या पोरीले कायले बोलता. म्या सांगतलं तिले."

"आत्या," कौशल्या म्हणाली.

"तू चूप राय. तुले बोलता येत नाही अन् सोंग करते." आत्याचा आवाज इतका रोजचा होता, की जणू ती भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगत होती. "माही तूर होती. माह्या पोटावर येऊन राहिली होती. म्या म्हटलं, जाय, टाकून ये. सासरची मोठी बाई म्हनते तं सून काय करन? गेली बिचारी."

खुशालराव बहिणीकडे बघत राहिले. "तू? चोरून?"

"हो ना."

"आत्या," सूर्यभान मध्येच म्हणाला. त्याचं बोट अजून श्रावणाच्या पानावर होतं. "किती टाकाले सांगतलं होतं? झाडामागे?"

जयवंतानं हातातले दाणे तोलून पाहिले. "एक मूठ," ती म्हणाली.

सूर्यभाननं पानावरचा आकडा पाहिला. पोत्यातली घट एका मुठीची नव्हती, दुपटीची होती. त्यानं कौशल्याकडे पाहिलं, तिच्या आवळलेल्या पदराकडे, मग भावाकडे. कौशल्यानंही त्याच्याकडे पाहिलं. आता तो बोलेल, तिला वाटलं. खरं लिहिणारा माणूस आहे हा. पडलेली ज्वारीसुद्धा त्यानं लपवली नाही.

सूर्यभाननं वही मिटली आणि काखेत घातली.

"नाही, मी नाही सांगू देनार असं," कौशल्या म्हणाली, "मामाजी, आत्याले तं..."

तेवढ्यात झोळी हलली. शैला जागी झाली होती. आधी कुरकुर, मग हुंदका, मग भुकेचं ते गळा काढून रडणं, ज्याच्यापुढे कुणालाच काही बोलता येत नाही.

"जाय," जयवंता म्हणाली. "भुकेजली ते. घे तिले."

कौशल्या जागची हलली नाही.

"अवो जाय ना. लेकरू काय तुह्या बोलन्यासाठी थांबन?"

ती गेली. पोरीला झोळीतून काढून बाभळीच्या पलीकडे, सगळ्यांकडे पाठ करून बसली आणि पदराखाली घेतली. शैला अधाशासारखी पीत होती. तिच्या मुठीत आईच्या गळ्यातली पोत होती. मागून आवाज येत होते. खुशालरावांचा संथ. मैनाबाईंचा एकदा चढलेला, मग बसलेला. आत्याचा सर्वांत कमी. कौशल्याला फक्त तुकडे कळले. "चोरी ते चोरीच." "अचलपूरले कळवा मंग." "गाडी चिंचेखाली उभीच हाय." तिनं उठावं म्हणून मान वळवली, तशी शैलानं दूध सोडलं आणि किंचाळली. ती पुन्हा बसली. अजून थोडं, ती पोरीला म्हणाली, अजून थोडं पी, मग मी जाते. शैला आपल्या वेळेनंच प्याली. मग ती सैल झाली आणि तिच्या ओठाच्या कडेनं एक थेंब ओघळला.

कौशल्या उठली तेव्हा पुरुष माणसं वावर ओलांडून निघाली होती. सासूबाई रिकामी चरवी हातात घेऊन तिथंच उभ्या होत्या. त्यांनी सुनेच्या डोक्यावरचा घसरलेला पदर नीट केला, आणि त्याही निघाल्या.

जयवंताआत्या खळ्याच्या कडेला बसून सरत्याची दोरी सोडत होती. नळी तिनं कुटारावर टाकून दिली होती. दोरी मात्र ती निगुतीनं उलगडत होती, गाठी नखांनी काढत.

"आत्या, मी आता जाऊन सांगते," कौशल्या म्हणाली. "मी सारं सांगते त्यायले."

"सांग. अन् मंग हिले कोन पाजन?"

कौशल्यानं शैलाकडे पाहिलं.

"मी तं पायलं होतं तुले," आत्या म्हणाली. "दुसऱ्या दुपारी. धुऱ्यावरून. म्हटलं काय टाकून राहिली, राख गिख असन. बोलाव वाटलं, मंग म्हटलं जाऊ द्या. माह्या तुरीसाठी आजवर कोनी काही टाकलं नव्हतं." दोरी मोकळी झाली. तिनं ती दोन्ही हातांनी ताणून पाहिली. "हे पक्की हाय अजून. तुही झोळीची तुटाले आली. पोट्टीले धरून राय जराशी."

कौशल्या पोरीला छातीशी धरून उभी राहिली, आणि आत्यानं बाभळीवरची केस निघालेली दोरी काढून तिथं सरत्याची दोरी बांधली. दोनदा गाठ मारली. झोळीत आपल्या हाताचा भार देऊन पाहिला.

"टाक आता."

निजलेल्या शैलाला कौशल्यानं झोळीत ठेवलं. आत्या चिंचेकडे, उभ्या गाडीच्या दिशेनं चालू लागली. ती एकदाही मागे वळली नाही, की तिच्या चालण्याची गतीही बदलली नाही. तिफणीमागे चालावं तशी ती तासानं सरळ चालत गेली. कौशल्यानं झोका द्यायला दोरी धरली. दोरी एका जागी काळी पडली होती, गुळगुळीत झाली होती. तिथं तेवीस वर्षं एका हातानं ती धरलेली होती. कौशल्याची मूठ नेमकी तिथंच बसली, आणि तिनं झोका दिला.